हे कुत्रे कोणाचे?

आमच्या शाळेत सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे अक्षर इतके वळणदार की, फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचे काम आम्ही त्याच्याकडेच सोपविले होते. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडच्या अंगाला असलेल्या आमच्या या मराठी शाळेतील मुलांना मराठीबरोबर तेलुगूही लिहावी लागते. या मुलाचा हात दोन्ही लिप्यांत सारखाच सफाईने चाले. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील गोष्ट. एके दिवशी सकाळी फळ्यावरचा सुविचार वेडावाकडा दिसला. प्रथम वाटले, दुसऱ्या कोणीतरी लिहिला असेल. दुपारी शुद्धलेखनाच्या वह्या पाहताना त्याची वही हाती आली, तर त्यातही तीच गत. अक्षरे कललेली, ओळ सोडून खाली उतरलेली. मुलगा डाव्या हाताने लिहीत होता.

मी त्याला जवळ बोलावले. उकाडा असूनही त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. बाही वर करावयास सांगितले, तेव्हा तो रडू लागला. उजव्या मनगटाच्या वर दातांच्या दोन खोल जखमा होत्या, भोवती सूज होती आणि जखमेत लाल तिखट भरलेले होते. कुत्रे चावून तीन दिवस झाले होते. तिखट आजीने भरले होते. आईवडील कामासाठी परगावी गेलेले.

"शाळेत का सांगितले नाहीस?" मी विचारले.

बराच वेळ तो बोलेना. मग खाली मान घालून म्हणाला, "सर, कुत्र्याची खोडी काढील त्याचे नाव प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर वाचीन, असे तुम्हीच म्हणाला होतात. पण मी खोडी नव्हती काढली सर. पिल्लू चिखलात पडले होते. मी ते उचलून वर ठेवत होतो."

वाचकहो, तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शिस्तीचा मला अभिमान वाटत आला होता. त्या क्षणी मात्र जाणवले की, माझ्या शिस्तीने या मुलाला तीन दिवस मृत्यूच्या दाराशी उभे करून ठेवले होते.

शाळेतच हौदाजवळ नेऊन साबणाने जखम धुतली आणि त्याला घेऊन निघालो. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून जिल्ह्याच्या ठिकाणचे रुग्णालय. तेथील डॉक्टरांनी जखम पाहिली, आणि पहिला प्रश्न केला, "कुत्रे कोणाचे?"

मी म्हणालो, "कोणाचेच नाही. भटके आहे."

तोच तो मुलगा हळूच म्हणाला, "नाही सर. काळी तर आपल्या शाळेचीच आहे."

भाकरी सर्वांची, कुत्रे कोणाचेच नाही

मुलाचे म्हणणे खरे होते. मध्यान्ह भोजनाचे उरलेले अन्न काळी खात असे. रात्री आमच्या दारापुढे येऊन उभी राही आणि आमच्या सौभाग्यवती तिला भाकरीचा तुकडा टाकीत. ती निजे मारुतीच्या पारावर. पिल्ले घातली ती स्वयंपाकाच्या छपरामागे, म्हणजे शाळेच्याच जागेत. तिच्या भुंकण्याने रात्री वाटसरू दबकत, याचा गावाला फायदा होता. तिच्यावर हक्क सर्वांचा होता. जबाबदारीचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र गावात तिला 'माझी' म्हणणारा एकही निघेना, आणि त्या न निघणाऱ्यांत मीही होतो.

आपल्या बहुतेक गावांतील आणि वस्त्यांतील कुत्र्यांची स्थिती अशीच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे दीड कोटी नोंदली गेली. हे प्राणी जंगलातून आलेले नाहीत. कोणीतरी त्यांना खाऊ घालते, कोणाच्या तरी उकिरड्यावर ते जगतात, कोणीतरी कौतुकाने आणलेले पिल्लू मोठे झाल्यावर वेशीबाहेर सोडून दिलेले असते. 'भटके' या शब्दामागे पुष्कळदा एखादा विसराळू मालकच दडलेला असतो.

आपल्या परंपरेने कुत्र्याला असे निराधार ठेवलेले नाही. आमच्या भागातील लोक मोठ्या भक्तीने माहूरगडी जातात. तेथील दत्तप्रभूंच्या पायाशी चार श्वान आहेत, आणि त्यांना चार वेदांचे रूप मानले जाते. खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. महाप्रस्थानाला निघालेल्या धर्मराजाने आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारले. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा तर आपण मुलांना मांडीवर घेऊन सांगतो. या सर्व कथांत कुत्रा कोणाचा तरी आहे. कोणीतरी त्याला आपला म्हटलेले आहे. आपण भाकरी टाकतो आणि दार लावून घेतो. भूतदया तेथपर्यंतच थांबली, तर तिचा भार कधी कधी शेजारच्या लेकराच्या हातावर पडतो.

तो भार किती जड असू शकतो, हे तेलंगणाने पाहिले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेठ भागात भटक्या कुत्र्यांच्या टोळीने चार वर्षांच्या एका बालकाचा बळी घेतला. राज्याच्या उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली. पण अशी घटना वर्तमानपत्रात येते. मनगटावरच्या दोन दातांच्या खुणा येत नाहीत, आणि रेबीज नावाचा मृत्यू बहुधा अशाच लहानशा, लपविलेल्या खुणांतून आत शिरतो.

रोग जुना, उपाय निश्चित

या रोगाची ओळख आपल्या देशाला फार प्राचीन काळापासून आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या कुत्र्याचे वर्णन येते आणि दंश झालेल्या माणसाला पाण्याची भीती वाटू लागते, तेही 'जलत्रास' या नावाने सांगितलेले आहे. आमच्याकडे तेलुगू शेजारी पिसाळलेल्या कुत्र्याला 'पिच्चि कुक्क' म्हणतात. नावे अनेक, पण कारण एकच. या रोगाचे विषाणू जनावराच्या लाळेतून जखमेत उतरतात, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. ही वाट चालण्यास त्यांना बहुधा दोन-तीन महिने लागतात. क्वचित आठवडाभरात, तर क्वचित वर्षानेही लक्षणे दिसतात. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर असला, तर धोका अधिक. एकदा का लक्षणे दिसू लागली, की जवळजवळ कोणीही वाचत नाही. परंतु त्या आधीच्या काळात योग्य उपचार झाले, तर जवळजवळ कोणीही दगावत नाही. इतका भयंकर आणि तरीही इतका टाळता येण्याजोगा दुसरा रोग सापडणे कठीण.

हा उपाय माणसाच्या हाती आला तो ६ जुलै १८८५ रोजी. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी आपली लस टोचण्यास आरंभ केला. मुलगा वाचला, पुढे तो पाश्चर संस्थेतच रखवालदार म्हणून राहिला. आपल्या देशात कसौली येथे १९०० साली आणि कुन्नूर येथे १९०७ साली पाश्चर संस्था उभ्या राहिल्या. कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेली लस आपल्याकडे अनेक दशके वापरात होती. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत ती हीच. ती लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. तरीही त्या चौदा सुयांची धास्ती घराघरांतून अद्याप गेलेली नाही, आणि त्या धास्तीपायी माणसे दवाखाना टाळतात. आताची लस दंडात घेतात. त्वचेत थोडी थोडी टोचण्याच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी अशा चार फेऱ्या होतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची आणखी एक.

आता चावा होताच काय करावे, ते नीट ध्यानात घ्यावे. पहिली गोष्ट म्हणजे जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुणे. घड्याळ समोर ठेवावे, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. साबणाने हे विषाणू मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. मग जंतुनाशक औषध लावावे आणि जखम घट्ट न बांधता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जनावराने अखंड त्वचेला नुसते चाटले, तर धुणे पुरे. रक्त न येता ओरखडा उठला, तर लस हवी. दात त्वचेत शिरून रक्त आले, किंवा उघड्या जखमेवर, ओठांवर, डोळ्यांत लाळ गेली, तर लसीबरोबर जखमेत भरण्याचे प्रतिविष, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनही हवे. लसीचा परिणाम होण्यास काही दिवस लागतात. तेवढ्या काळात जखमेच्या तोंडाशीच शत्रूला अडविण्याचे काम ते करते. ते सर्व लहान दवाखान्यांत नसते, म्हणून आम्हाला जिल्ह्याला जावे लागले. पूर्वी कधी पूर्ण लस घेतलेली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. तशा माणसाला दोनच मात्रा पुरतात.

कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, असे सांगतात. ते बरोबर आहे. लाळेत विषाणू असलेले कुत्रे दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरते. परंतु दहा दिवस कुत्रे पाहत बसायचे आणि मग लस घ्यायची, असा त्याचा अर्थ नव्हे. लस त्याच दिवशी सुरू करावयाची. कुत्रे धडधाकट राहिले, तर पुढच्या मात्रांचे काय, ते डॉक्टर ठरवितात. ज्या कुत्र्याला धनी नाही, त्याच्यावर नजर तरी कोण ठेवणार? डॉक्टरांच्या प्रश्नातील मर्म हेच होते.

त्या मुलाची आजी मला म्हणाली होती, "गुरुजी, आमच्या वख्ती तिखटच भरत व्हते. कोनी मेलं नाही." ही म्हातारी खोटे बोलत नव्हती. चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. दहा जणांना निरोगी कुत्रे चावले, दहाही जणांनी तिखट भरले, दहाही जण जगले, आणि श्रेय तिखटाला मिळाले. अकराव्याला पिसाळलेले कुत्रे चावले. तो तीन महिन्यांनी गेला, तेव्हा चाव्याची आठवण कोणाला राहिली नव्हती. तिखट, चुना, हळद, तेल यांनी जखम चिडते, धुण्याचा मोलाचा वेळ जातो आणि मनाला खोटा दिलासा मिळतो. मंत्रतंत्राचेही तेच. आजीला मी एवढेच म्हणालो, "माय, तिखट आमटीत घाला. जखमेला साबण लावा."

शेतकरी कुटुंबांसाठी आणखी एक सूचना. रेबीज झालेले प्रत्येक जनावर धावत सुटून चावत नाही. काही कुत्री अंधाऱ्या कोपऱ्यात गपगार पडून राहतात, जबडा लोंबतो, लाळ गळते. घशात हाड अडकले असे वाटून माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. बैल किंवा गाय अशी आजारी पडली, तरी हीच चूक होते. अशा वेळी पशुवैद्याला बोलवावे, आपला हात आवरावा. कुत्रे चावलेल्या गुरालाही लस टोचता येते. मात्र ती ताबडतोब. मांजर, माकड, कोल्हा, मुंगूस यांच्या चाव्यालाही हलके लेखू नये.

कुत्रे आधी सांगते

शिक्षकाने मुलांना अनेक भाषा शिकवाव्यात. त्यांत कुत्र्याचीही एक असावी. चावण्याआधी कुत्रे बहुधा सांगते. अंग ताठ होते, पाठीवरचे केस उभे राहतात, नजर रोखली जाते, ओठ मागे सरकून दात दिसतात, गुरगुर सुरू होते. भ्यालेले कुत्रे शेपूट पायांत घालते, कान मागे पाडते, मान वळविते, पुन्हा पुन्हा ओठ चाटते. 'मला सोडा, मला जाऊ द्या' असे ते म्हणत असते. गुरगुरले म्हणून मारलेले कुत्रे गुरगुरणे सोडते, पण चावणे सोडत नाही; पुढच्या वेळी ते न सांगता चावते.

मुलांना शिकवावयाचे नियम थोडे आहेत. खाणारे, निजलेले, बांधलेले आणि पिल्लांजवळ असलेले कुत्रे, या चौघांच्या वाटेला जाऊ नये. काळीच्या बाबतीत घडले ते हेच. मुलाचा हेतू दयेचा होता, पण आईला त्याच्या हातात केवळ आपले पिल्लू दिसले. ओळखीच्या कुत्र्यालाही धन्याला विचारल्यावाचून हात लावू नये. आधी त्याला हुंगू द्यावे. गळ्यात मिठी मारू नये, तोंडाजवळ तोंड नेऊ नये. लहान मुलाचे डोके कुत्र्याच्या तोंडाच्या पातळीवर असते, म्हणून त्याच्या चेहऱ्याला दुखापत अधिक होते. घरचे कुत्रे कितीही गरीब असो, लहान मूल आणि कुत्रे यांना एकटे सोडून जाऊ नये.

कुत्रे अंगावर आले, तर पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे त्याच्या रक्तातच आहे. झाडासारखे स्तब्ध उभे राहावे, हात अंगाशी ठेवावेत, नजर जमिनीकडे वळवावी, ओरडू नये. मग हळूहळू, पाठ न फिरविता मागे सरकावे. खाली पडलोच, तर गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळे करावे आणि दोन्ही हातांनी कान व मान झाकावी. सायकल मागे कुत्रे लागले, तर वेग वाढविण्याऐवजी उतरावे आणि सायकल मध्ये धरावी. आमच्या शाळेत आता दर वर्षी २८ सप्टेंबरला, म्हणजे पाश्चर यांच्या स्मृतिदिनी आणि जागतिक रेबीज दिनी, मुले मैदानात 'झाड' आणि 'मुटकुळे' यांचा सराव करतात. मुलांना तो खेळ वाटतो. वाटू द्यावा.

धन्याचा धर्म

आता कुत्रे पाळणाऱ्यांविषयी. पिल्लू आणण्याआधी घरातील सर्वांनी एकदा बसून विचार करावा. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. मुलाच्या हट्टापायी आणलेले पिल्लू मुलगा परीक्षेला बसेपर्यंत कोणाच्या वाट्याला येणार, हे आधीच ठरलेले बरे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये. आईजवळ आणि भावंडांत ते दात किती जोराने लावायचे, हे शिकत असते. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. लसीची नोंद असलेला कागद रेशनकार्डाजवळच ठेवावा. कुत्रे कधी कोणाला चावले, तर तो कागद दोन घरांची झोप वाचवील. पिल्ले नको असतील, तर वेळीच नसबंदी करून घ्यावी. रात्री पिल्ले गोणपाटात भरून गावाबाहेर सोडणे हे पाप आहे. ती पिल्ले दुसऱ्या कोणाच्या तरी गल्लीत मोठी होतात.

कुत्र्याला दिवसभर साखळीने जखडून ठेवले, म्हणजे ते चांगली राखण करते, ही समजूत खुळी आहे. सदैव बांधलेले कुत्रे चिडखोर होते, आणि ज्या दिवशी साखळी तुटते, त्या दिवशी समोर येईल त्याला चावते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरू न देणे हा गुन्हा ठरविला आहे. दुसऱ्या बाजूने, आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे कायदा कुत्र्याच्याही बाजूने आहे आणि शेजाऱ्याच्याही. दोघांचे हित एकाच माणसाच्या हाती आहे, तो म्हणजे धनी.

'सगळी कुत्री मारून टाका' असे संतापाने म्हणणारे असतात. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारने कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा पारशी समाजाने दंगा केला होता. पण हा प्रश्न भावनेच्याही पलीकडचा आहे. उकिरडा जागच्या जागी राहिला, तर मेलेल्या कुत्र्यांची जागा नवी कुत्री घेतात, आणि ती बिनलसीची असतात. एखाद्या भागातील शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस टोचली गेली, तर रोगाची साखळी तुटते, असे जाणकार सांगतात. गोव्याने ते करून दाखविले. तेथे २०१३ नंतर शासन आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांनी मिळून गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लसी टोचल्या. पुढे हे काम वर्षाला लाखाच्या घरात गेले. शाळाशाळांतून मुलांना धडे दिले. २०१८ पासून सलग काही वर्षे तेथे रेबीजने माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. कुत्र्यांपासून होणारा हा रोग २०३० पर्यंत देशातून हटविण्याचे ध्येय भारत सरकारने २०२१ साली जाहीर केले आहे. ते पुरे व्हावयाचे असेल, तर गोव्यात जे घडले, ते पैनगंगेच्या दोन्ही काठांवर घडावे लागेल. रोगाला राज्याची सीमा ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेल्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हटविण्यास आणि आवारे बंदिस्त करण्यास सांगितले. आमच्या शाळेपुरते पाहिले, तर पहिले कुंपण आम्ही आधीच घातले होते, आणि ते तारेचे नव्हते. मध्यान्ह भोजनाचे खरकटे आता झाकणाच्या पिंपात जाते आणि तेथून खताच्या खड्ड्यात. खरकटे बंद झाले, तसा कुत्र्यांचा मुक्काम हलला.

सांगण्याची मोकळीक

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचा वाचकांचा हक्क आहे. अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतच्या सर्व फेऱ्या त्याने पुऱ्या केल्या. प्रत्येक वेळी मीच त्याला घेऊन जात असे. येताना बसमध्ये तो खिडकीपाशी बसे आणि दुकानांच्या पाट्यांवरील तेलुगू अक्षरे बोटाने काचेवर गिरवी. काळी दहा दिवस धडधाकट राहिली. त्या दहा दिवसांत रोज सकाळी दार उघडताच मी आधी तिला शोधत असे. माझ्या आयुष्यात कोणा कुत्र्याच्या प्रकृतीसाठी मी इतका कासावीस झालो नव्हतो.

मग मी तिला घरी आणले. तिला लस टोचली, पिल्ले सुटी झाल्यावर नसबंदी करविली, पिल्लांना लस देऊन माहितीच्या घरी पोहोचविले. आता ती आमच्या अंगणात असते; फाटकाला आतून कडी आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यातील वहीत धन्याचे नाव लिहावयाचे होते, तेव्हा मी माझे नाव सांगितले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "भाकरी इतकी वर्षे घातलीच होती, नाव आज घातले एवढेच."

परंतु काळीला घरी आणणे सोपे होते. कठीण होते ते दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मुलांपुढे उभे राहणे. मी त्यांना सांगितले की, कुत्रे, मांजर, साप, विंचू, काहीही चावले, नखाचा ओरखडा जरी उठला, तरी आधी येऊन सांगा. चूक कोणाची, हे त्या दिवशी विचारले जाणार नाही, नंतरही नाही. नावे वाचण्याची धमकी मी दिली होती. ती माझी चूक होती. मुलांसमोर चूक कबूल करण्याची सवय आम्हा मुख्याध्यापकांना फारशी नसते. आवाज थोडा अडखळला.

त्या आठवड्यात तीन मुले येऊन सांगून गेली. एकाला मांजराने ओरबाडले होते. एकीला शेजारच्या घरचे पाळीव कुत्रे महिन्यापूर्वी चावले होते, आणि शेजाऱ्यांशी वाकडे येईल म्हणून घरात कोणी बोलले नव्हते. तिसऱ्याला काहीच झाले नव्हते. त्याला फक्त सांगून पाहावयाचे होते. पहिल्या दोघांना दवाखान्यात पाठविले. तिसऱ्याला मी शाबासकी दिली.

म्हणून माझी आपणा सर्वांना हात जोडून विनंती आहे. ज्या कुत्र्याला आपण भाकरी घालता, त्याच्या लसीची चौकशी या आठवड्यातच करा. आणि आज रात्री जेवताना आपल्या मुलांना सहज विचारा, कधी कोणते जनावर चावले-ओरबाडले का, म्हणून. विचारताना कपाळावर आठी मात्र असू देऊ नका. ती आठी पाहूनच मुले बाही खाली ओढून घेतात.